जास्तीचा डिंक

काहिऱ्यात ईदच्या सकाळी तोंड पाडून बसलेला माणूस शोधायचा झाला, तर फार फिरावं लागत नसे. ज्याच्या हातची साखर सारं शहर त्या दिवशी चघळत असायचं, तो मुफर्रिजच घरी चादर डोक्यावर ओढून पडलेला असायचा.

मुफर्रिज खलिफाच्या सणाच्या मुदपाकखान्यात साखरकाम करायचा. सिंह, हरणं, खजुराची झाडं, साखरेच्या पाटीत साखरेच्याच माशा, असलं काहीबाही करणारे कारागीर तिथे पुष्कळ होते. पण मेजाच्या मधोमध उभा राहायचा तो किल्ला एकट्या मुफर्रिजचा. रमजानचा चांद दिसला की तो कामाला लागे, आणि ईदच्या आदल्या दिवशी शेवटचा बुरूज चढवून हात धुई. महिनाभर रोजा, त्यामुळे पाक जिभेवर ठेवून बघायची सोय नाही. सूर्य बुडायच्या आत मुदपाकखान्याला कुलूप लागे, म्हणजे रोजा सोडल्यावरही चव घेता यायची नाही. मुफर्रिज वासावर आणि चिमटीवर चालायचा. पाक बोटांमध्ये धरून ओढायचा, नाकाशी न्यायचा, आणि "झाला" म्हणायचा. तो "झाला" म्हणाला की झालाच.

आणि इतकं करून त्या किल्ल्याचं आयुष्य किती? ईदची नमाज व्हायची, खलिफा वरच्या जाळीमागे येऊन बसायचे, दालनाची दारं उघडायची आणि लोक मेजावर तुटून पडायचे. ही चोरी नव्हे, दांडगाई नव्हे. द्यायची रीतच ती होती. लोकांनी लुटायचं, तेही फक्त हातांनी, लोखंड लावायचं नाही, काठी आणायची नाही. ज्याच्या हाती जे लागेल ते त्याचं. घरी नेऊन बायकापोरांत वाटायचं, उरलेला तुकडा धान्याच्या रांजणात ठेवायचा, म्हणजे वर्षभर घरात बरकत. मेज पुसून निघालं की उस्ताद संदल, राजवाड्यातले म्हातारे खोजे कारभारी, जिना चढून वर जायचे आणि जाळीपाशी वाकून सांगायचे, "मेज रिकामं झालं." मेजावर काही उरलं, तर लोकांनी खलिफांचं देणं नाकारलं असा त्याचा अर्थ. तसं आजवर कधी झालं नव्हतं.

मुफर्रिजला मात्र ही रीत डोळ्यांसमोर नको असायची. किल्ला पोचवला की तो तडक घरी यायचा. एकदाही त्याने लूट पाहिली नव्हती, एकदाही तुकडा आणला नव्हता. त्यामुळे गल्लीत सगळ्यांच्या रांजणात किल्ल्याचा तुकडा असायचा आणि किल्लेदाराच्याच घरी नसायचा.

हे त्याच्या बायकोला, तुर्फाला, फार लागायचं. तुर्फा काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. ती दाणे निवडताना बोलायची, भाकरी भाजायला देऊन येताना बोलायची, झोपेतही बोलायची असं मुफर्रिजचं म्हणणं होतं. आणि दर ईदला तिच्या जखमेवर मीठ चोळायला शेजारीण यायचीच. बका नावाच्या हमालाची आई, उम्म बका. बका अंगाने बैलासारखा, लुटीत सगळ्यांच्या पुढे. त्यामुळे म्हातारीच्या परातीत बुरूजच्या बुरूज असायचे. त्यातला नखाएवढा तुकडा ती तुर्फापुढे धरायची आणि म्हणायची, "घे गं बाई. तुझ्याच नवऱ्याच्या हातचा. तुमच्याकडे कुठला असायला!"

"नको," तुर्फा म्हणायची. "आमच्याकडे गोडाचा वीट आलाय."

आणि दार लागलं की नवऱ्याच्या अंगावरची चादर ओढायची. "ऐकलंत? भीक घालते ती मला. तुमच्या किल्ल्याची भीक! अहो, एक वीट आणली असती तर काय हात झडले असते?"

"मी बांधलेलं मीच तोडू?"

"सगळं गाव तोडतंय! तुम्ही नाही तोडलंत म्हणून राहतंय होय?"

तो चादर परत ओढून घ्यायचा.

गेल्या ईदला मात्र त्याच्या डोक्यात निराळीच कळ उठली. संध्याकाळी बका गल्लीच्या तोंडाशी बसून चार लोकांना सांगत होता, "घुमटावर बसलो मी, राव! सरळ बसलो! असा कडकन आवाज झाला म्हणता! खालचे वीस जण तोंड उघडून उभे, आणि वरून घुमटाचा पाऊस." लोक पोट धरून हसले. मुफर्रिज खिडकीत उभा होता. तो घुमट त्याने मधमाशांच्या पोळ्यासारखा, आतून पोकळ, वरून कमलपुष्पासारखा केला होता, आणि त्यावर हा टोणगा बसला होता.

त्या रात्री मुफर्रिजने ठरवलं, पुढच्या वर्षी माझा किल्ला पडणार नाही. बघू कोण बसतो ते.

आता साखरेचा किल्ला न पडायला काय लागतं? डिंक. साखरेच्या पिठात गुलाबपाण्यात भिजवलेला डिंक घालतात तो आकार धरण्यापुरता. मुफर्रिजने यंदा नूबियाच्या काफिल्यातला पांढरा डिंक स्वतः निवडून आणला आणि हात सैल सोडला. भिंती दुहेरी घेतल्या. एक थर वाळला की दुसरा, तो वाळला की तिसरा, आणि प्रत्येक थर गच्चीवर उत्तरेच्या वाऱ्याला ठेवून खडखडीत वाळवला. कोणाला काही बोलला नाही. रोज घरी जाताना मात्र ओठांत हसायचा.

"काय हो, रोजा लागत नाही वाटतं यंदा?" तुर्फाने एकदा विचारलं.

"का?"

"बरे दिसताय. रमजानात तुम्ही बरे दिसत नाही कधी."

ईदच्या आदल्या दिवशी उस्ताद संदल किल्ला बघायला आले. पांढराशुभ्र, वेशीवर केशराची नक्षी, कोटावर एकेक पहारेकरी, आणि माथ्यावर चोच उघडलेलं चिमुकलं कबूतर. उस्तादांनी नखाने बुरुजावर टिचकी मारली. चिनी मातीच्या वाडग्यासारखा टण्ण आवाज आला.

उस्ताद थबकले. "मुफर्रिज, हा वाजतो का रे?"

"यंदा साखर चांगली आहे, उस्ताद."

"साखर चांगली की वाईट ते जीभ सांगते, कान नव्हे," उस्ताद म्हणाले. पण त्यांच्यामागे अजून हजार कामं लागली होती. ते पुढे गेले.

त्या संध्याकाळी तुर्फाने नवऱ्याच्या नव्या अंगरख्याला इस्त्रीऐवजी दगडी वरवंटा फिरवता फिरवता हळूच विचारलं, आणि तिचा हळू आवाज मुफर्रिजने फार क्वचित ऐकला होता. "यंदा तरी आणाल? मोठा नको. त्या बाईने यायच्या आत माझ्या हातात असला म्हणजे झालं."

मुफर्रिज म्हणाला, "यंदा कोणाच्याच घरी येणार नाही. मग तिचं तोंड आपोआप बंद."

तुर्फाला काही कळलं नाही. पण "नाही" तेवढं कळलं, आणि तिने वरवंटा जरा जोरातच आपटला.

ईदच्या सकाळी मुफर्रिज प्रथमच घरी परतला नाही. नमाज झाल्यावर तो दालनातल्या एका खांबामागे जाऊन उभा राहिला. वर जाळीमागे कोणीतरी बसल्याची सळसळ झाली, दारं उघडली, आणि लोकांचा लोंढा आत आला.

बघता बघता सिंह गेले. हरणांच्या तंगड्या गेल्या. पिस्त्याच्या वड्या, खजूर भरलेल्या करंज्या, बदामाची फळं, सगळं अंगरख्यांच्या ओच्यांत, पगड्यांत, खिशांत. आणि बका, अर्थातच सगळ्यांच्या पुढे, मेजावर चढून किल्ल्यापाशी पोचला. त्याने हात उगारला आणि बुरुजावर हाणला.

बुरूज हलला नाही. बका मात्र हात काखेत दाबून वाकला.

"काय रे, बैला, लागलं?" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. बकाने दुसऱ्या हाताने हाणला. मग तो घुमटावर बसला. मग उठून पुन्हा धपकन बसला, आणि या खेपेला त्याचा चेहरा असा काही झाला की मागच्या लोकांना हसून उभं राहवेना. दोघांनी कोट धरून ओढला, चौघांनी ढकलला. एका उतावळ्याने वेशीला दात लावला आणि दात धरूनच मागे फिरला. किल्ला मेजावर जरासा सरकला, तेवढाच. कबूतर चोच उघडून सगळ्यांकडे बघत होतं.

खांबामागे मुफर्रिजच्या छातीत आनंद मावेना. बस आणखी, बस! तो मनात म्हणत होता. इतक्या वर्षांचं उट्टं निघत होतं.

पण हशा ओसरला. लोक दमले. घाम पुसत एकेक जण मागे सरला. पार फुस्तातहून पायी आलेला एक म्हातारा मेजापाशी उभा होता. गर्दीत त्याच्या हाती काही लागलं नव्हतं. म्हणून तो किल्ल्याच्या आशेवर थांबला होता. त्याने कोटाच्या भिंतीवरून हळूच हात फिरवला, मग हातातलं रिकामं फडकं घडी घालून खिशात ठेवलं.

"चला," तो शेजारच्याला म्हणाला. "यंदा आपल्याला द्यायचं त्यांच्या मनात दिसत नाही."

हे त्याने रागाने म्हटलं असतं तरी चाललं असतं. तो समजूतदारपणे म्हणाला. आणि त्याच्यामागून आणखी दोघे दाराकडे वळले.

मुफर्रिजच्या छातीतला आनंद कुठल्या कुठे गेला. द्यायचं मनात नाही! हे त्याच्या मनातलं होतं, आणि लोक ते खलिफांच्या माथी मारत होते. किल्ला आपला, अशी त्याची वर्षानुवर्षांची समजूत. पण किल्ला त्याचा नव्हताच. तो या फडक्याचा होता.

तेवढ्यात उस्ताद संदल गर्दीतून वाट काढत आले. चेहरा पांढराफटक. एका शिपायाने सोटा उचलला होता, उस्तादांनी त्याच्या मनगटावर थप्पड मारली. "खाली ठेव! ईदच्या मेजावर हत्यार? वर काय सांगू मी?" मग त्यांनी जाळीकडे बघितलं, किल्ल्याकडे बघितलं, आणि दातओठ खात म्हणाले, "कुठे आहे तो मुफर्रिज?"

मुफर्रिज खांबामागून बाहेर आला.

"उस्ताद, मी इथेच आहे."

"काय घातलंस त्यात?"

"डिंक."

"किती?"

मुफर्रिजने मान खाली घातली. उस्तादांना उत्तर मिळालं.

"तुझ्या अंगणात तू किल्ला बांध आणि आत राहायला जा!" उस्ताद दबक्या आवाजात कडाडले. "मी आता वर जाऊन काय सांगू? लोकांनी हात आखडला म्हणून? उतरव तो. हातांनी. आत्ता."

"गुलाबपाणी हवं," मुफर्रिज म्हणाला. "गरम. असेल तेवढं."

पाहुण्यांच्या अंगावर शिंपडायला ठेवलेलं गुलाबपाणी चुलीवर चढलं. झाऱ्या आल्या. मुफर्रिज पादत्राणं काढून मेजावर चढला. बका अजून तिथेच उभा होता, मागची बाजू चोळत.

"चाचा, हे काय करून ठेवलंत?"

"तुझ्यासाठीच केलं होतं, लेका. झारी धर."

डिंक पाण्यात भिजून धरतो आणि पाण्यानेच सुटतो. भिंतीला भिंत जिथे चिकटवली होती, त्या सांध्यासांध्यांतून मुफर्रिजने गरम गुलाबपाण्याची धार सोडली. वाफ निघाली, दालनभर गुलाबाचा वास सुटला. पांढरा कोट आधी ओला दिसायला लागला, मग चकचकीत, मग मऊ. मुफर्रिजने वेशीच्या कमानीला दोन्ही हात घातले. केशराची नक्षी काढताना त्याने श्वास रोखून धरला होता, ती ही कमान. हात पुढे होईनात. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वाफेचं नव्हतं. मग त्याने दाराशी पोचलेल्या म्हाताऱ्याची पाठ पाहिली.

"अहो बाबा!" तो ओरडला. "फुस्तातवाले! फडकं काढा!"

आणि कमान ओढली. ती लांब तार धरत सुटली. म्हाताऱ्याने परत येऊन घाईघाईने फडकं पसरलं, मुफर्रिजने कमान त्यात टाकली. म्हाताऱ्याच्या तोंडावर जे हसू आलं, तसलं मुफर्रिजने कुठल्या साच्यात कधी कोरलं नव्हतं.

मग काय विचारता! लोक मुसंडी मारून आले. आणि खरी गंमत तिथे झाली, कारण डिंक सुटला होता पण विरला नव्हता. ज्याने बुरूज उचलला त्याच्या हातून बुरूज सुटेना. ज्याने त्याच्याकडून हिसकावला, तो त्यालाच चिकटला. दोन सख्खे व्याही, जे वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, एका पहारेकऱ्याच्या दोन टोकांना चिकटून "सोड", "तूच सोड" करत दालनभर फिरले, आणि शेवटी एकत्रच बाहेर पडले. दाढ्यांना साखर, भुवयांना साखर. बकाने घुमट डोक्यावर घेतला तो पगडीसकट बसला तो बसलाच. त्याला दोघांनी खांद्याला धरून घरी नेलं. दर ईदला निमिषात उरकणारी लूट त्या दिवशी दुपारच्या बांगेपर्यंत चालली. वर जाळीमागून कोणीतरी खो खो हसल्याचा आवाज आला. कोण हसलं ते कोणी विचारलं नाही.

मुफर्रिज मेजाच्या टोकाला बसून बघत होता. जो तो जाताना त्याच्या पाठीवर थाप मारून जात होता. "ईद मुबारक, चाचा! पुढच्या साली पण असाच!" इतकी वर्षं तो साखरेची तोंडं घडवत होता, आणि ती साखर बघून माणसांची तोंडं कशी होतात ते त्याने आज बघितलं. चादरीखाली आपण काय घालवलं, याची त्याला लाज वाटली. पण ती लाजही गोडच होती.

उस्तादांनी मेजावरून बोट फिरवलं. बोट चिकटलं, पण मेजावर दाणा नव्हता. "पुढच्या साली डिंक मी मोजून देणार," ते म्हणाले, आणि बोट पुसत जिना चढायला लागले. अर्ध्यावर थांबून ते वळले. "आणि तू थांबायचंस. घरी पळालास तर याद राख."

घराजवळ आल्यावर मुफर्रिजला आठवलं. तुर्फा! त्याने खिसे चाचपले, पगडी झटकली. सगळ्यांना हाताने काढून काढून दिलं, आणि आपल्याकडे कण नाही. कपाळाला हात लावायला गेला तर हात कपाळाला चिकटला. आता आत कोणत्या तोंडाने जायचं?

तुर्फा दारातच होती. "आलात? सगळी गल्ली तुमचंच नाव घेतेय. बकाच्या डोक्यावरून घुमट निघत नाहीये, त्याची आई गरम पाणी ओततेय. काय केलंत तरी काय? बोला की! आणि हे असे भिंतीला धरून काय चालताय?"

"तुर्फा," तो म्हणाला, "चुकलं माझं. पुष्कळ होतं, सगळं वाटून टाकलं. तुला राहिलंच नाही."

तुर्फाचा चेहरा पडला. "या आत. अंगरखा काढा, भिजत घालते," ती म्हणाली, आणि त्याला पाठमोरा करून तिने अंगरख्याच्या गळ्याशी हात घातला.

मग ती किंचाळली.

पाठीवर, बरोबर मधोमध, थापा मारणाऱ्या कोणाच्या तरी हातातून निसटून, किल्ल्याच्या माथ्यावरचं कबूतर चिकटलेलं होतं. अख्खं. एक पंख तेवढा मुडपला होता. तुर्फाने ते अंगरख्याच्या धाग्यांसकट उपटलं, ओंजळीत धरलं, एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि अख्खंच्या अख्खं तोंडात टाकलं.

डिंक जास्तीचा. ते विरघळेना, फुटेना, गालात बसून राहिलं. तुर्फा बोलू शकेना. ती ओसरीवर बसली, डोळे मिटले, आणि चघळत राहिली. घरात इतकी शांतता लग्नानंतर प्रथमच होती. मुफर्रिजला ती जरा वेळ बरी वाटली, मग करमेना.

एवढ्यात उम्म बका आली. भिजलेली, दमलेली, पण परात घेऊन. नखाएवढा तुकडा पुढे धरून म्हणाली, "घे गं बाई, तुमच्याकडे कुठला..."

तुर्फाने डोळे उघडले. आणि तोंड उघडून दाखवलं.

म्हातारी वाकून आत बघत राहिली. "अगं बाई!" ती म्हणाली. "पक्षी!"

तुर्फाने मान डोलावली आणि तोंड मिटून घेतलं. म्हातारी परात घेऊन गेली. जाताना तिने एकदा मागे वळून बघितलं.

उन्हं कलली तेव्हा कबूतर खडीसाखरेच्या खड्याएवढं झालं होतं. तुर्फाने ते तोंडातून काढलं आणि नवऱ्यापुढे धरलं.

"मला कशाला? वीट आलाय मला साखरेचा."

"कधी खाल्लीत?"

मुफर्रिज विचारात पडला. वास घेतला होता, चिमटीत ओढली होती, उन्हात वाळवली होती. खाल्ली नव्हती. त्याने आ केला, तिने तो खडा त्याच्या जिभेवर ठेवला. गुलाब आला, मग बदाम, मग केशर, आणि मग गोडी सावकाश पसरत गेली. मुफर्रिजला काहीतरी म्हणायचं होतं. पण आता त्याचं तोंड भरलेलं होतं.

"हां, आता बसा गप्प," तुर्फा म्हणाली, पाय पसरून भिंतीला टेकली आणि दिवसभराचं साठलेलं सगळं बोलायला लागली.